‘रिअ‍ॅक्टर’ शब्दाची धास्ती : किरणोत्सर्ग किती, धोका कुठे आणि भोपाळने काय शिकवलं?

भोपाळ : १ जानेवारी २०२५ च्या रात्री इथल्या बंद पडलेल्या युनियन कार्बाइड कारखान्यातून १२ कंटेनर बाहेर पडले. कडक बंदोबस्तात, रस्ता मोकळा करून, ते सुमारे २५० किलोमीटरवरच्या पिथमपूरला नेण्यात आले. आत होता ३३७ टन विषारी कचरा. धार जिल्ह्यातल्या या औद्योगिक गावात त्यावरून आंदोलन पेटलं, बंद पाळला गेला, प्रकरण उच्च न्यायालयात चाललं. चाचण्या झाल्यावर २०२५ च्या मध्यापर्यंत हा कचरा जाळण्यात आला.

या कचऱ्याची जी यादी सरकारने दिली, त्यात कारखान्याच्या आवारातली माती होती, सेव्हिन कीटकनाशकाचे आणि नॅप्थॉलचे अवशेष होते, आणि एक नाव होतं ‘रिअ‍ॅक्टरचे अवशेष’. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने तेव्हा खुलासा केला, की या कचऱ्यात मिथाइल आयसोसायनेट वायू आता नाही आणि कोणतेही किरणोत्सर्गी कणही नाहीत.

वायूबद्दलचा खुलासा समजण्यासारखा आहे. पण कीटकनाशकाच्या कारखान्याबाबत ‘किरणोत्सर्ग नाही’ असंही सांगावं लागलं, यावरून या विषयात किती गोंधळ आहे ते कळतं. हा गोंधळ भोपाळपुरता नाही. मराठी माणूस जिथे जिथे राहतो, त्यातल्या बऱ्याच भागांत अणुवीज केंद्र आहे किंवा येऊ घातलंय. पालघर जिल्ह्यात तारापूर, दक्षिण गुजरातेत काक्रापार, कारवारजवळ कैगा, रत्नागिरीत प्रस्तावित जैतापूर आणि मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यातलं प्रस्तावित चुटका. म्हणून किरणोत्सर्ग कशाला म्हणतात, तो किती झाला की घातक आणि भोपाळच्या दुर्घटनेचा त्याच्याशी संबंध काय, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

रिअ‍ॅक्टर दोन, प्रकार वेगळे

रसायनांच्या कारखान्यात ज्या बंद भांड्यात दोन-चार पदार्थ एकत्र करून त्यांची रासायनिक क्रिया घडवतात, त्यालाही रिअ‍ॅक्टरच म्हणतात. औषधाच्या, रंगाच्या, खताच्या कारखान्यात असे रिअ‍ॅक्टर असतात. युनियन कार्बाइडमध्ये होते ते हेच. अणुवीज केंद्रातला रिअ‍ॅक्टर म्हणजे अणुभट्टी. तिथे युरेनियमच्या अणूचा गाभा फुटतो, त्यातून उष्णता निघते, उष्णतेने वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरतं. पुढचं सगळं कोळशाच्या वीज केंद्रासारखंच.

भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जे घडलं ते रसायनाचं होतं. मिथाइल आयसोसायनेटच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं, आतली उष्णता आणि दाब वाढत गेला आणि सुमारे ४० टन वायू शहरावर पसरला. राज्य सरकारच्या नोंदीत मृतांचा आकडा ३,७८७ आहे. नुकसानभरपाईच्या दाव्यांत ५,२९५ मृत्यू मान्य झाले. पीडितांच्या संघटना याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. यात किरणोत्सर्गाचा काही संबंध नव्हता.

वायूचं विष शरीराला चिकटतं, फुप्फुस जाळतं, डोळे जाळतं. किरणोत्सर्गाचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं.

फोडणीतली मोहरी

काही अणू मुळात अस्थिर असतात. ते आपोआप फुटतात आणि फुटताना ऊर्जा बाहेर फेकतात. ही ऊर्जा किरणांच्या किंवा अतिसूक्ष्म कणांच्या रूपात येते. यालाच किरणोत्सर्ग म्हणतात.

तापलेल्या तेलात मोहरी टाकली की ती तडतडते. एका सेकंदाला किती दाणे फुटले, ते मोजता येतं. किरणोत्सर्गी पदार्थात एका सेकंदाला किती अणू फुटले, ते मोजण्याचं एकक म्हणजे बेकरेल. सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल. पण कढईत किती मोहरी तडतडतेय, यावरून हाताला किती चटका बसला ते कळत नाही. हात कढईजवळ होता की लांब, किती वेळ होता, वर झाकण होतं का, त्यावर चटका अवलंबून असतो. शरीराला बसलेल्या चटक्याचा हिशेब ज्या एककात करतात ते सिव्हर्ट. त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिसिव्हर्ट. रोजच्या व्यवहारात हेच एकक वापरतात.

बातमीत ‘लाखो बेकरेल’ असा आकडा आला की धडकी भरते. बेकरेल हे फार लहान एकक आहे. आपल्या स्वतःच्या शरीरातल्या नैसर्गिक पोटॅशियममुळेच काही हजार बेकरेल सतत चालू असतात. म्हणून बातमी वाचताना पहिला प्रश्न हा विचारायचा, की माणसाला मिलिसिव्हर्टमध्ये किती डोस मिळाला?

किती म्हणजे किती?

जमीन, खडक, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे किरण यांतून जगातल्या सर्वसाधारण माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट डोस मिळतोच. तो कोणालाही चुकत नाही. छातीच्या एका एक्स-रेचा डोस ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी असतो. पोटाच्या सीटी स्कॅनचा साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट, म्हणजे तीन-चार वर्षांच्या नैसर्गिक डोसाइतका. गरज नसताना सीटी स्कॅन करू नये म्हणतात ते यासाठी. गरज असेल तेव्हा मात्र घाबरून टाळूही नये.

केरळच्या कोल्लम जिल्ह्यात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे. तिच्यात थोरियम असल्याने तिथे काही ठिकाणी नैसर्गिक किरणोत्सर्ग देशातल्या इतर भागांच्या अनेक पटींनी जास्त आहे. तिथल्या सुमारे ७० हजार लोकांवर दहा वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचं त्यात आढळलं नाही.

कायद्याची मर्यादा यापेक्षा कडक आहे. अणुऊर्जा केंद्रामुळे आसपासच्या लोकांना मिळणारा जादा डोस वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या आत असला पाहिजे. केंद्रात काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० मिलिसिव्हर्ट, अशी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे.

मग घातक केव्हा? १०० मिलिसिव्हर्टच्या पुढे कर्करोगाची शक्यता वाढताना स्पष्ट दिसू लागते. आंतरराष्ट्रीय अंदाज असा, की २०० माणसांना प्रत्येकी १०० मिलिसिव्हर्ट मिळाले, तर आयुष्यभरात त्यांच्यात कर्करोगाचा साधारण एक जादा मृत्यू होऊ शकतो. त्याखालच्या डोसाबद्दल तज्ज्ञांत वाद आहे. नियम करताना मात्र ‘थोडा डोस, थोडा धोका’ असं धरूनच चालतात. एकाच वेळी १,००० मिलिसिव्हर्टच्या आसपास डोस मिळाला तर उलट्या, अशक्तपणा सुरू होतो. ४,००० ते ५,००० मिलिसिव्हर्ट एकदम मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात.

किरण लागले आणि धूळ लागली, यात फरक

एक्स-रे काढून घरी आलेला माणूस घरच्यांना किरण देत नाही. उन्हात ठेवलेली वस्तू अंधारात उजेड देत नाही, तसंच हे. लासलगावच्या विकिरण केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांतून काढलेला हापूस २००७ पासून अमेरिकेला जातोय. तो आंबा किरणोत्सर्गी होत नाही, किरण त्याच्यातून जातात आणि संपतात.

किरणोत्सर्गी पदार्थाची धूळ, वाफ किंवा पाणी अंगावर, कपड्यांवर, पोटात गेलं तर गोष्ट वेगळी. मग मोहरीची कढई घरातच आली म्हणायची. किरण लागणं आणि पदार्थ लागणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि अपघाताच्या वेळी खरी धावपळ दुसऱ्या गोष्टीसाठी असते.

दिल्लीच्या मायापुरीत एप्रिल २०१० मध्ये याचा अनुभव आला. विद्यापीठातलं जुनं, न वापरलेलं उपकरण भंगारात विकलं गेलं. त्यात कोबाल्ट-६० होतं. भंगार बाजारात ते फोडलं गेलं, आठ जणांना त्रास झाला आणि त्यातला एक दगावला. देशात अणुभट्ट्या बावीसच्या वर, पण हा बळी गेला भंगाराच्या दुकानात. तीन पाकळ्यांचं किरणोत्सर्गाचं चिन्ह असलेलं भंगार दिसलं, की हात न लावता लांब व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं.

बचावाचे नियम तीनच आहेत. वेळ कमी, अंतर जास्त आणि मध्ये आडोसा. अंतर दुप्पट केलं की डोस चौथ्या हिश्श्यावर येतो.

‘बंद’ म्हणजे सुरक्षित नव्हे

भोपाळचा खरा धडा इथे सुरू होतो. दुर्घटनेच्या रात्री मिथाइल आयसोसायनेट बनवणारा विभाग चालू नव्हता. उत्पादन काही आठवडे आधीच थांबलं होतं. पण टाक्यांमध्ये वायूचा द्रवरूप साठा होता. तो थंड ठेवणारी यंत्रणा अनेक महिन्यांपासून बंद होती. गळालेला वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. कागदावर सुरक्षेची सगळी साधनं होती, पण त्या रात्री एकही कामाला आलं नाही.

अणुभट्टीत नेमकी हीच जागा नाजूक आहे. भट्टी बंद केली तरी आत तयार झालेले किरणोत्सर्गी पदार्थ फुटत राहतात. बंद केल्याच्या क्षणी पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते. तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास येते आणि एका दिवसानंतरही अर्धा टक्का राहते. मोठ्या भट्टीच्या बाबतीत अर्धा टक्का म्हणजेही कित्येक मेगावॅट उष्णता. म्हणून बंद भट्टीलाही पाण्याने सतत थंड ठेवावं लागतं.

जपानच्या फुकुशिमामध्ये ११ मार्च २०११ रोजी हेच झालं. भूकंप होताच चालू असलेल्या भट्ट्या बंद झाल्या, म्हणजे पहिली पायरी बरोबर पडली. मग त्सुनामीच्या पाण्यात डिझेल जनरेटर बुडाले, पंप थांबले, इंधन वितळलं. युक्रेनमधल्या चेर्नोबिलची गोष्ट (२६ एप्रिल १९८६) वेगळी होती. तिथे भट्टीची रचनाच सदोष होती, भोवती मजबूत आवरण नव्हतं आणि चाचणीसाठी सुरक्षेचे नियम बाजूला ठेवले होते.

चेर्नोबिलमध्ये स्फोटाच्या वेळी दोघे आणि तीव्र किरणबाधेने पुढच्या काही महिन्यांत २८ जण दगावले. जास्त बाधा झालेल्या लोकांमध्ये कालांतराने चार हजारांपर्यंत मृत्यू होऊ शकतात, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. फुकुशिमात किरणबाधेने तातडीने कोणी मेलं नाही. पुढे एका कामगाराचा फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेला मृत्यू जपान सरकारने किरणोत्सर्गाशी जोडला. स्थलांतराच्या धावपळीत मात्र दोन हजारांहून जास्त लोक गेले, त्यांत बहुतांश म्हातारी आणि आजारी माणसं होती.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही मांडायला हवा. चंद्रपूर, कोराडी, सारणीच्या आसपास राहणाऱ्यांना कोळशाची राख आणि धूर म्हणजे काय ते सांगायला नको. तेवढ्याच विजेमागे होणाऱ्या मृत्यूंची तुलना केली, तर अणुवीज कोळशापेक्षा कितीतरी कमी घातक ठरते. फरक इतकाच, की कोळसा रोज थोडं थोडं मारतो आणि त्याची बातमी होत नाही.

माहिती पोहोचली की नाही?

१९८४ च्या त्या रात्री भोपाळच्या जयप्रकाशनगर, काझी कॅम्पसारख्या वस्त्यांतले लोक वाट फुटेल तिकडे पळाले. कित्येकजण वायू जात होता त्याच दिशेने धावले. तोंडावर ओलं फडकं धरलं असतं तरी काहींचा त्रास कमी झाला असता, कारण हा वायू पाण्याशी क्रिया करतो. पण कारखान्यात काय साठवलंय आणि गळती झाली तर काय करायचं, हे कोणी सांगितलेलंच नव्हतं.

अणुवीज केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजन करावं लागतं आणि सराव घ्यावे लागतात. गळती झालीच तर सांगतात ते साधं असतं. घरात जा, दारं-खिडक्या लावा, बाहेरून आलात तर कपडे बदलून अंग धुवा, उघड्यावरचं पाणी, भाजी, स्थानिक दूध घेऊ नका. आयोडीनच्या गोळ्या सांगितल्यावरच घ्यायच्या. चेर्नोबिलनंतर मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग वाढला, तो मुख्यतः दुधातून पोटात गेलेल्या किरणोत्सर्गी आयोडीनमुळे. हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं. म्हणजे पहिले काही आठवडे दूध थांबवलं असतं, तर बरीचशी मुलं वाचली असती.

आपल्याकडच्या घटनाही पाहा. कैगा केंद्रात नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळल्याचं उघड झालं. पन्नासहून जास्त कर्मचाऱ्यांना बाधा झाली. हे कळलं कशामुळे? कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या लघवी तपासणीमुळे. ११ मार्च २०१६ रोजी काक्रापारच्या पहिल्या भट्टीत शीतक जड पाण्याची गळती झाली, भट्टी आपोआप बंद झाली आणि दुरुस्त होऊन सुरू व्हायला तीन वर्षं लागली. बाहेर मर्यादेपेक्षा जास्त किरणोत्सर्ग गेला नाही, असं जाहीर झालं.

किरणोत्सर्ग दिसत नाही, वास येत नाही, पण साध्या यंत्राने लगेच मोजता येतो. भोपाळच्या वायूपेक्षा हा मोठा फायदा आहे. तो फायदा खरा केव्हा? मोजलेला आकडा गावापर्यंत, गावाच्या भाषेत आणि वेळेवर पोहोचेल तेव्हा.

पैसे कोण देणार?

भोपाळ आणि अणुऊर्जा यांची खरी गाठ कायद्यात पडली. फेब्रुवारी १९८९ मध्ये युनियन कार्बाइडशी ४७ कोटी डॉलरमध्ये तडजोड झाली. बाधितांची संख्या पुढे साडेपाच लाखांच्या वर गेली. बहुतेकांच्या हातात सुरुवातीला २५ हजार रुपये पडले. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने भारतीय कंपनीच्या माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं, शिक्षा झाली दोन वर्षांची. देशभर संताप उसळला.

त्याच वेळी संसदेत अणुअपघाताच्या नुकसानभरपाईचं विधेयक होतं. भोपाळचा निकाल ताजा असताना त्यात एक कलम आलं, १७ (ब). केंद्र चालवणाऱ्याने भरपाई द्यायची, कमाल १,५०० कोटी रुपये. पण अपघात यंत्रसामग्रीतल्या दोषामुळे किंवा निकृष्ट सेवेमुळे झाला असेल, तर चालवणाऱ्याला पुरवठादाराकडून ते पैसे वसूल करता येतील. परदेशी कंपन्यांना हे कलम नको होतं. जैतापूरचा १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्यांचा प्रकल्प वर्षानुवर्षं रेंगाळला, त्यामागे विजेच्या दराबरोबर हेही एक कारण होतं.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ विधेयक मंजूर केलं. त्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा भरपाई कायदा या दोन्हींची जागा घेतली. खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्रात वाट मोकळी झाली, नियामक मंडळाला कायद्याचा दर्जा मिळाला. भरपाईची मर्यादा भट्टीच्या आकारानुसार ठरली, सर्वांत मोठ्यांसाठी ३,००० कोटी, सर्वांत लहानांसाठी १०० कोटी. पुरवठादाराच्या सदोष यंत्राबद्दलचं ते जुनं कलम मात्र गेलं. आता करारात तसं लिहिलं असेल किंवा कोणी मुद्दाम नुकसान केलं असेल, तरच वसुली.

समर्थकांचं म्हणणं, की यामुळे गुंतवणूक आणि तंत्रज्ञान येईल आणि पीडिताला भरपाईसाठी एकच दार ठोठवावं लागेल. विरोधकांचं म्हणणं, की सदोष यंत्र विकणारा मोकळा सुटेल आणि मर्यादेच्या वरचा बोजा शेवटी सरकारवर, म्हणजे करदात्यावर येईल. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. साध्या व्यवहाराचा नियम मात्र असा, की नुकसान ज्याच्या खिशातून जाणार असतं, तोच देखभालीवर आधी खर्च करतो.

जनसुनावणीत विचारायचे प्रश्न

चुटक्यात प्रत्येकी ७०० मेगावॅटच्या दोन भट्ट्या व्हायच्या आहेत. केंद्र सरकारने २०१७ मध्ये मंजूर केलेल्या दहा भट्ट्यांमध्ये त्या आहेत. तिथल्या अनेक कुटुंबांना नर्मदेवरच्या बरगी धरणाने एकदा उठवलं आहे, आता पुन्हा उठावं लागेल अशी भीती आहे. त्यांच्यापुढे जमीन आणि पुनर्वसनाचा प्रश्न किरणोत्सर्गाइतकाच मोठा आहे, आणि ‘डोस फार कमी असतो’ हे त्याला उत्तर होत नाही.

‘किरणोत्सर्ग असतो का?’ असं विचारलं, तर उत्तर ‘सगळीकडेच असतो’ एवढंच मिळेल. त्यापेक्षा गावकऱ्यांनी हे विचारावं. केंद्र सुरू होण्याआधीचा आमच्या गावाचा डोस किती, तो मोजून लिहून द्याल का? नंतरचे आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाल का? वीज गेली, पूर आला, तर भट्टी किती दिवस थंड ठेवता येईल? सरावाच्या दिवशी म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणींना कोणत्या गाडीने, कुठे नेणार? वापरलेलं इंधन कुठे आणि किती वर्षं ठेवणार? आणि नुकसान झालंच, तर अर्ज कुठे करायचा, किती दिवसांत पैसे मिळणार?

१९८४ च्या आधी भोपाळच्या वस्त्यांमध्ये असे प्रश्न विचारायला लोकांकडे माहितीच नव्हती. आज ती आहे. जनसुनावणीत उत्तरं तोंडी मिळाली तर ती इतिवृत्तात लिहून घ्यायची आणि त्याची प्रत गावात ठेवायची.